थेंबाची कड

पावसाळ्यात बडोद्याहून एक्स्प्रेसवेने अहमदाबादला निघालं, की समोरच्या काचेवरचं पाणी वर चढू लागतं. टोलनाक्यावर गाडी उभी असते तोवर मोठे थेंब खाली ओघळत असतात. गाडीने वेग घेतला की आधी ते जागच्या जागी थरथरतात, आणि मग एकेक करून छपराच्या दिशेने निघतात. सगळे निघत नाहीत. मोठे निघतात, बारीक तिथेच चिकटून राहतात. निघालेला थेंब वाटेतल्या बारक्यांना गिळत जातो, त्याने आणखी मोठा होतो आणि आणखी जोरात पळतो. बाजूच्या काचेवर हेच थेंब मागच्या दिशेने तिरप्या रेघा ओढत जातात. हॅचबॅकच्या मागच्या काचेवर मात्र ते रेंगाळतात, कारण तिथे वारा काचेला धरून वाहतच नाही, गाडीच्या पाठीमागे भोवरे करत फिरत राहतो. म्हणूनच त्या गाड्यांना मागेही वायपर असतो, आणि सेडानला बहुधा नसतो.

९३ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि बराच वेळ एकसारखा वेग, असा योग शहरात कधी येत नाही. नवरा गाडी चालवत असला की मी शेजारी बसून काचेचा वरचा कोपरा बघत असते, जिथे वायपर पोचत नाही.

हे दृश्य सगळ्यांच्या इतकं ओळखीचं आहे, की त्यात विचारण्यासारखं काही उरलं आहे असं कुणाला वाटत नाही. वारा ढकलतो, पाणी सरकतं, संपलं. पण मग बारीक थेंब का सरकत नाहीत? हलकं असेल ते आधी उडायला हवं. काचेवर नेमकं उलटं घडतं. जड निघतो, हलका राहतो. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधताना वाऱ्याकडे बघून भागत नाही.

मी एअरकंडिशनिंगची इंजिनिअर. बडोद्याच्या आसपास औषधांचे कारखाने पुष्कळ, आणि औषधाच्या कारखान्यात हवा कच्च्या मालाइतकीच जपावी लागते. तिथलं एअर हँडलिंग युनिट (आम्ही सगळे त्याला ए.एच.यू. म्हणतो) म्हणजे एखाद्या खोलीएवढी पत्र्याची पेटी. आत फिल्टर, थंड पाण्याची कॉईल आणि पंखा. कॉईलमध्ये तांब्याच्या नळ्या, आणि त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, एका इंचात दहा-बारा. नळ्यांतून सात अंशांच्या आसपासचं पाणी फिरतं. जुलैतली आमची दमट हवा त्या फिन्समधून गेली की तिच्यातली वाफ फिन्सवर थेंब होऊन बसते. हे थेंब खाली ओघळून ड्रेन पॅनमध्ये पडावेत, अशी सगळी रचना. त्याआधीच हवेने ते उचलून पुढे नेले, तर त्याला आमच्यात कॅरीओव्हर म्हणतात. पाणी डक्टमध्ये, म्हणजे हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात जातं, इन्सुलेशन भिजतं, बुरशी धरते. ज्या खोलीत गोळ्या किंवा इंजेक्शनं भरली जातात, तिच्या डक्टमध्ये बुरशी म्हणजे काम बंद.

म्हणून आमच्या धंद्यात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: कॉईलच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला ५०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण अडीच मीटर. याच्या वर गेलं की पाणी उडण्याची भीती.

एका कारखान्यात नवी कॉईल बसवली आणि पाणी उडायला लागलं. त्याच मापाची जुनी कॉईल तेवढ्याच वेगावर नीट चालत होती. तिथले मेंटेनन्सचे फोरमन बडोद्याच्या वाडी भागातले, मराठी, वयाने माझ्याहून बरेच मोठे.

"ताई, वेग मी मोजलाय," ते म्हणाले. "अडीचच्या आतच आहे. तुम्ही पण एनिमोमीटर लावून बघा."

मी लावून पाहिला. त्यांचं बरोबर होतं.

"मग पंखा थोडा सावकाश करायचा का?"

"पाणी थांबेल काका, पण आतल्या खोल्यांना हवा कमी पडेल. आधी कॉईल धुऊ या."

"नवी कोरी कॉईल धुवायची?"

"नवी आहे म्हणूनच."

फिन्स साच्यात दाबून काढताना पत्र्याला तेल लावतात, साचा (डाय) सरळ चालावा म्हणून. ते तेल पुष्कळदा पुरतं निघालेलं नसतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही फारसं कळत नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने कॉईल धुतली, भरपूर पाण्याने खळबळून काढली, पंखा पुन्हा त्याच वेगावर लावला. काका टॉर्च घेऊन बराच वेळ आत बघत राहिले. डक्ट कोरडा होता. पॅनमध्ये पाण्याची धार मात्र आधीपेक्षा चांगली पडत होती.

वारा तोच, पाणी तेच, तापमान तेच. बदललं होतं फक्त पाण्याच्या खालचं अंग. तेलकट अ‍ॅल्युमिनियमवर पाणी गोळा होऊन उभं राहतं, वाऱ्याच्या वाटेत छाती काढून. दोन फिन्समध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट असते. थेंब समोरच्या फिनला टेकला की पाण्याचा पूल बनतो, ती फट बंद होते, आणि शेजारच्या फटीतून हवा आणखी जोरात जाऊ लागते. स्वच्छ धातूवर तेच पाणी पातळ पसरतं आणि पत्र्याला धरून खाली उतरतं. घरच्या एसीत हल्ली निळसर फिन्स दिसतात. त्यांच्यावरच्या लेपांमध्ये पाणी पसरवणारा थर असतो, तो याच कामासाठी.

थेंब हलणार की नाही, हे वारा एकटा ठरवत नाही. ठरवते ती थेंबाची कड, म्हणजे जिथे पाणी, हवा आणि खालचा पृष्ठभाग एका रेषेवर भेटतात ती गोल रेघ. मला या साऱ्या विषयात सांगण्यासारखं वाटतं ते एवढंच आहे. पण ते नीट समजून घ्यायला मला फार वर्षं लागली, आणि समजल्यावर जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

टॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०५ मध्ये या कडेवरचा एक साधा नियम मांडला. द्रवाचा पृष्ठभाग घन पदार्थाला जिथे टेकतो, तिथे तो ठरावीक कोन करून टेकतो. कोण द्रव आणि कोण घन, यावर तो कोन अवलंबून. आपण शाळेत याला स्पर्शकोन म्हणून शिकलो. यंगने हे सगळं शब्दांत लिहिलं, एकही समीकरण न मांडता. कोन लहान, तर पाणी पसरतं. मोठा, तर गोळा होतं. पण यंगचा एकच एक कोन म्हणजे आदर्श, गुळगुळीत, निर्मळ पृष्ठभागाची गोष्ट. खऱ्या काचेवर थेंबाला एक कोन नसतो, कोनांची एक पट्टी असते. सिरिंजने थेंबात हळूहळू पाणी भरत गेलं, तर थेंब फुगतो, कोन वाढतो, पण कड जागची हलत नाही. एका मर्यादेनंतरच ती पुढे सरकते. तो पुढे सरकण्याचा कोन. आता पाणी ओढून घ्यायला लागलं, तर थेंब चपटा होतो, कोन घटत जातो, कड तरीही जागीच. बराच लहान झाल्यावर ती मागे हटते. तो मागे हटण्याचा कोन. या दोन कोनांमधल्या अंतराला हिस्टेरेसिस म्हणतात.

कड अशी अडून का बसते? कारण पृष्ठभाग सगळीकडे सारखा नसतो. सूक्ष्म खाचा, धूळ, तेलाचे ठिपके, साबणाचा अंश, अशा अनेक जागी ती रेघ अडकते. वाऱ्यात तंबूचं कापड कितीही फुगलं तरी जोवर खुंट्या धरून आहेत तोवर तंबू जात नाही, तसं थेंबाचं आहे. वारा आला की थेंबाचं अंग पुढे झुकतं, पुढची बाजू फुगीर होते, मागची ताणून पातळ होते. पुढे कोन मोठा, मागे लहान. पाण्याच्या या वाकड्या आकारामुळेच वाऱ्याला उलटं ओढणारं बळ तयार होतं. पुढचा कोन आपल्या मर्यादेला पोचला आणि मागचाही पोचला, की मगच थेंब निघतो. कधी पुढची बाजू निघते आणि मागची निघत नाही. मग थेंब लांबट होत जातो.

या पकडीचं गणित फर्मिज नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये मांडलं. त्याचा प्रश्न शेतीचा होता: फवारलेलं औषध पानावर किती टिकतं आणि किती ओघळून जातं. पकड ही पृष्ठताण, थेंबाची रुंदी आणि त्या दोन कोनांच्या कोसाइनमधला फरक, या तिघांच्या गुणाकाराइतकी. कापसावर फवारणी करणाऱ्या आमच्या भागातल्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि माझ्या कॉईलचा प्रश्न या एका ओळीत एकत्र येतात. एकाला थेंब टिकायला हवा, दुसरीला ओघळायला हवा.

बडोद्यात हा विषय तसा जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तेव्हा तिथल्या मुख्य विषयांत रंगाईचं शास्त्र होतं, आणि त्यामागे त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनशास्त्रज्ञ होता. कापड रंगाचं पाणी पितं की झटकून टाकतं, हा प्रश्नसुद्धा कडेचाच. पुढे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलं. आम्ही शिकायला होतो तेव्हाही इंजिनिअरिंगच्या त्या इमारतीला सगळे कलाभवनच म्हणत.

आता वाऱ्याचा हिशेब. आकडे घातल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून थोडा धीर धरावा.

तीन मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल थेंब घेऊ. त्याचं वजन सात मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ७० मायक्रोन्यूटन (न्यूटनचा दहा लाखावा भाग; बळाचे पुढचे आकडे यातच). गाडीची समोरची काच तिरपी असते. क्षितिजाशी ३० अंश धरली, तर खाली ओढणारा हिस्सा निम्मा, ३५. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ०.०७२ न्यूटन. रोजच्या वापरातल्या काचेवर पुढे सरकण्याचा कोन ७० अंश आणि मागे हटण्याचा ३० अंश धरला, तर पकड सुमारे ११० भरते. म्हणजे उभ्या गाडीवर हा थेंब खालीसुद्धा येत नाही.

गाडी ताशी ३६ किलोमीटरने निघाली. वारा सेकंदाला १० मीटर, त्याचा पूर्ण दाब ६० पास्कल. थेंबाच्या समोरच्या साडेतीन चौरस मिलिमीटरवर तो पुरता लागला, तर २१० मायक्रोन्यूटन. पण काचेलगत वारा मंद असतो. त्यातला चौथा हिस्सा थेंबाला मिळतो असं ढोबळपणे धरू: ५०. वारा ५० ने वर ओढतो, वजन ३५ ने खाली, आणि पकड ११० ची. थेंब ढिम्म हलत नाही, फक्त थरथरतो. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो चौपट झाला: २१०. त्यातून वजनाचे ३५ वजा केले तरी १७५ उरतात. पकड सुटते आणि थेंब छपराकडे निघतो.

तोच थेंब एक मिलिमीटरचा असता तर? कडेची लांबी तिसऱ्या हिश्शावर आली, म्हणून पकड ३७. समोरचं क्षेत्रफळ नवव्या हिश्शावर आलं, म्हणून ताशी ७२ च्या वाऱ्याचा जोर २३. वजन तर सत्ताविसावा हिस्सा, धरण्यासारखं नाहीच. २३ ने ३७ सुटत नाही. थेंब जागीच राहतो.

मला वाटतं, या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. पकड लांबीने वाढते, वारा क्षेत्रफळाने, वजन घनफळाने. तिघांच्या वाढीची चाल वेगळी. म्हणून बारीक थेंबांवर कडेची सत्ता, मधल्यांवर वाऱ्याची, आणि फार मोठ्यांवर वजनाची. एकाच काचेवर, एकाच क्षणी, एकाच वाऱ्यात तिन्ही राज्यं शेजारी शेजारी नांदत असतात. आणि दोन बारके थेंब एकमेकांना टेकून एक झाले, की ते एका राज्यातून दुसऱ्यात जातात. ते टेकणं हाच पुष्कळदा निघण्याचा क्षण असतो. पुढच्या वेळी काचेकडे बघाल तेव्हा एखाद्या थांबलेल्या थेंबावर नजर ठेवा आणि त्याला शेजारी मिळण्याची वाट बघा.

काचेलगत वारा मंद असतो असं वर म्हटलं, त्यामागे लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाचं १९०४ मधलं हायडलबर्गचं व्याख्यान आहे. वाहती हवा पृष्ठभागाला जिथे स्पर्श करते तिथे तिचा वेग शून्य असतो, आणि पूर्ण वेग यायला काही मिलिमीटर, गाडीच्या बाबतीत कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर जावं लागतं. या थराला सीमास्तर म्हणतात. दिवसभर गरगरणाऱ्या छताच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ बसलेली असते ती याच थराच्या आश्रयाने. बारीक थेंबाची दुहेरी सोय होते: कड त्याला धरून ठेवते, आणि वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

निघण्याआधी थेंब थरथरतो, ते दिसायला गमतीचं असलं तरी त्याला काम आहे. प्रत्येक थेंबाला स्वतःची कंपनाची गती असते. मोकळ्या, कशालाही न टेकलेल्या थेंबासाठी लॉर्ड रॅलीने १८७९ मध्ये तिचं सूत्र काढलं. त्याप्रमाणे तीन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सत्तरच्या आसपास वेळा थरथरतो. काचेवर बसलेल्या थेंबाची डुलण्याची गती याहून वेगळी, पण त्याच पट्टीतली. मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांनी आणि वाऱ्याच्या हिसक्यांनी ती जागी होते. प्रत्येक हेलकाव्यात कडेचे कोन एकदा वाढतात, एकदा घटतात, आणि एकेक अडकलेली जागा सुटत जाते. एकसारख्या वाऱ्यात न निघालेला थेंब गाडी खड्ड्यातून गेल्यावर निघतो, तोही त्यामुळेच.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माहेरच्या वाड्यात मागच्या अंगणात अळू असायचं. पावसात त्या पानांवर पाणी कसं फिरायचं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अळूच्या पानावर मेणाचं बारीक नक्षीकाम असतं, कमळाच्या पानासारखंच. पाणी त्या नक्षीच्या टोकांवर उभं राहतं, खाली हवा अडकते, आणि स्पर्शकोन १५० अंशांच्या वर जातो. जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावरचं हे रहस्य आणि धूळ धुऊन नेण्याशी असलेला त्याचा संबंध उलगडून दाखवला. अशा पानावर फुंकर मारली तरी थेंब पळतो.

साहजिकच वाटतं, की थेंब जितका गोल तितका मोकळा. इथे गुलाब आडवा येतो. गुलाबाच्या पाकळीवरही थेंब जवळजवळ तितकाच गोल बसतो, मोत्यासारखा दिसतो, पण पाकळी उलटी केली तरी पडत नाही. कारण पाकळीच्या उंचवट्यांमधल्या खाचांत पाणी शिरून बसतं. दिसायला दोन्ही थेंब सारखे. एक फुंकरीने जातो, दुसरा उलटं टांगलं तरी राहतो. फरक गोलाईत नाही, त्या दोन कोनांमधल्या अंतरात आहे. अळूवर ते अंतर अगदी थोडं, गुलाबावर भलतं मोठं. पाणी झटकणारा लेप विकायला येणाऱ्यांना मी हे नेहमी विचारते: स्पर्शकोन किती ते सांगितलंत, पण हिस्टेरेसिस किती? निम्म्या वेळा उत्तर मिळत नाही.

आणि थेंब निघाल्यानंतरही कोडं संपत नाही. द्रवाचा तळाचा थर घन पृष्ठभागाला चिकटून असतो, तो घसरत नाही, हे द्रवगतिशास्त्रात पहिल्या धड्यात शिकवतात. मग कड पुढे जाते कशी? चुन हुह आणि स्क्रिव्हन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की नेहमीची समीकरणं जशीच्या तशी लावली तर कड तसूभर सरकवायलाही अनंत बळ लागेल. आणि खिडकीवर तर शाळकरी मूलसुद्धा थेंब धावताना बघतं. सुटका रेणूंच्या पातळीवर होते: कडेच्या अगदी टोकाशी, काही नॅनोमीटरच्या टापूत, तो पहिल्या धड्यातला नियम सैल पडतो. तिथे नेमकं काय घडतं यावर अजून काम चालू आहे. आठवीतल्या मुलीने बोटाने दाखवावी अशी गोष्ट, आणि तिच्या टोकाशी इतकं खोल पाणी. मला या विषयाचं प्रेम आहे ते याच्यामुळे.

सुरतेकडे जाताना भरूचला नर्मदेवरचा केबलचा पूल लागतो, २०१७ मध्ये खुला झालेला. त्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांपेक्षा मला केबलच दिसतात, कारण तिरप्या केबलवरून उतरणाऱ्या पाण्याने इंजिनिअरांना एक मोठा धडा दिलेला आहे. जपानमध्ये नागोयाजवळच्या मेइको-निशी पुलावर पाऊस आणि बेताचा वारा एकत्र आले, की लांब केबल जोरजोराने हलू लागत. नुसत्या पावसात नाही, नुसत्या वाऱ्यात नाही. हिकामी आणि शिराइशी यांनी त्याचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. केबलवरून उतरणाऱ्या पाण्याची एक बारीक धार वाऱ्यामुळे केबलच्या वरच्या अंगाला धरून राहते. एरवी वजनाने ती खाली घसरली असती. वारा फार असता तर उडून गेली असती. बेताच्या वाऱ्यात वजन, वारा आणि कडेची पकड यांचा तोल साधतो, आणि काही मिलिमीटरची ती धार केबलचा गोल आकार बिघडवते. हवेला आता ती केबल गोल वाटत नाही. धार थोडी डावी-उजवीकडे डुलते, तिच्यासोबत वाऱ्याची ओढ बदलते, आणि शंभर मीटरहून लांब पोलादी केबल हेलकावे खाऊ लागते.

उपाय फार सुरेख निघाले. फ्रान्समधल्या १९९५ च्या नॉर्मंडी पुलाच्या केबलवर गोल फिरत जाणारी बारीक उंच पट्टी आहे. जपानच्या १९९९ च्या तातारा पुलाच्या केबलच्या आवरणावर छोटे छोटे खळगे आहेत. दोन्हींचा हेतू एकच: पाण्याला सलग, सरळ धार धरू द्यायची नाही. वाऱ्याला कुणी हात लावला नाही. कडेची सोय काढून घेतली.

विमानांत हीच गोष्ट जिवावर बेतते. ढगांत शून्याखाली गेलेलं तरी न गोठलेलं पाणी पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतं आणि गोठतं, म्हणून तिथे बर्फ काढण्याची यंत्रणा असते. पण पुढची कड नुसती गरम केली, तर वितळलेलं पाणी वाऱ्यासोबत पंखावरून मागे सरकतं आणि जिथे यंत्रणा नाही तिथे पुन्हा गोठतं. मोठ्या थेंबांच्या ढगात तर पाणी पहिल्यापासूनच जास्त मागपर्यंत पोचतं. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रोझलॉनजवळ एटीआर-७२ जातीचं विमान कोसळलं, त्यात ६८ माणसं गेली. अशा मोठ्या थेंबांनी बर्फ काढणाऱ्या पट्ट्यांच्या मागे बर्फाचा उंचवटा तयार केला होता आणि त्याने पंखावरचा प्रवाह बिघडवला. थेंब पृष्ठभागावर किती मागे जाऊन थांबेल, हा प्रश्न तिथे खिडकीवरच्या मौजेचा राहत नाही.

माझी भाची अकरावीत आहे, रावपुऱ्यात राहते. तिला हे सगळं मी सांगितलं तर म्हणाली, "मावशी, सांगू नकोस, करून बघू." मग आम्ही करून पाहिलं. साहित्य घरचंच: आरशाचा एक तुकडा, मेणबत्ती, भांड्यांचा साबण, औषधाचा ड्रॉपर आणि केस वाळवायचा ड्रायर. आरसा साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून वाळवला, अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून मऊ कापडाने एकसारखी केली. मग दोन्हीकडे लहानमोठे थेंब ठेवून ड्रायर दुरून हळूहळू जवळ आणला. मेणावर थेंब उभे राहिले, थरथरले, आणि मोठे आधी पळाले. धुतलेल्या भागावर पाणी पसरून चपटं झालं. त्याच झोतात ते नुसतं ताणलं गेलं, हललं नाही. मेणावरून पळत आलेला थेंब स्वच्छ काचेच्या सीमेशी पोचला की काच त्याला ओढून घ्यायची, तो पसरायचा आणि थांबायचा. ही ओढ तिने पहिल्यांदा बघितली तेव्हा ड्रायर बाजूला ठेवून तिने तो थेंब पुन्हा पुन्हा करून बघितला.

आता तिचा बेत थेंबात साबण मिसळण्याचा आहे. साबणाने पृष्ठताण घटतो, म्हणजे पकड घटायला हवी. पण त्याने थेंब चपटाही होतो, म्हणजे वाऱ्याला तो कमी सापडेल. दोन्ही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात. मेणावर कोण वरचढ होतं आणि काचेवर कोण, हे तिला स्वतः लिहून काढायला सांगितलं आहे. तुम्हीही करून बघा. फक्त ड्रायर थंड झोतावर ठेवा. गरम हवेत बारीक थेंब सरकायच्या आत वाळून जातात, आणि मेणही मऊ पडतं.